बाटलीचा गळा

मी मीटर वाचायला गेलो होतो.
कलिना गावठाण, क्रॉसच्या मागचं तिसरं घर,
जिन्याखाली मीटर, मीटरवर कोळिष्टकं.
महिन्याचे एकतीस युनिट. मी म्हटलं, एवढेच?
वरून आवाज आला,
“गिटार लाकडाची हाय, ती वीज खात नाय.”
आणि मग कुणीतरी तारेवरून काच ओढली.

त्या आवाजाला काय म्हणतात मला माहीत नव्हतं.
माझी आत्या सासरहून कायमची परत आली तेव्हा
दारात उभी राहून आईला “अगं” म्हणाली होती,
पुढे काही नाही, नुसतं अगं.
त्याच्या जवळपासचा.

सिरिल मिस्किटा. तेव्हा एकसष्ट.
लग्नं वाजवली, बारशी वाजवली, दोन वर्षं एक जहाज,
कुलाब्याच्या हॉटेलात अकरा वर्षं, सूट भाड्याचा.
ताडदेवच्या स्टुडिओत एका सिनेमासाठी
नायिका पत्र फाडते तेवढाच वेळ, चार सेकंद.
“चार सेकंदांचे साठ रुपये.
तासाचे किती झाले, काढ.”
मी काढले. चोपन्न हजार.
“मग? कोन डॉक्टर कमावतो?”

ब्लूज कुठे शिकलात, असं विचारायला मुलं यायची,
त्यांना लांबची एखादी नदी हवी असायची.
सर गोदीतल्या खलाशाकडून मिळालेली तबकडी दाखवायचे,
चरे पडलेली, अर्धीच वाजणारी.
मुलं गेल्यावर मला म्हणायचे, त्याच्या आधी आई.

मे महिन्यात अंगणात मसाला कुटायला तिघी बसायच्या.
तीन मुसळं, तीन ठोके,
चौथा कुणाचाच नाही.
मिरची नाकात, डोळ्यांना धार, आणि गाणं चालूच.
“रडतान का गातान, कलत नसं.
चौथा ठोका रिकामा होता, तो मी घेतला.”
मसाला बियरच्या बाटल्यांत काठीनं ठासून भरत.
त्यातल्याच एका रिकाम्या बाटलीचा गळा कापून
पायरीच्या सिमेंटवर आठवडाभर घासला,
करंगळीत घातला.
“नाकाशी धर. अजून वास हाय.”
मी धरला. वास नव्हता.
आहे, म्हटलं.

बुधवारी संध्याकाळी शिकवणी. फी बिस्किटांच्या डब्यात,
कोण किती टाकतो ते बघायचं नाही.
पहिले सहा महिने एकच तार.
शिवडीची एक मुलगी तीन महिन्यांत माझ्या पुढे गेली,
चार लाखांची गिटार घेऊन आलेल्या दातांच्या डॉक्टरला
आधी नखं कापून ये म्हणून परत पाठवलं.
डोक्यावरून विमान गेलं की आम्ही थांबायचो.
“थांबता कशाला? फुकटचा तानपुरा हाय,
त्याच्याशी लाव.”
कोमल गंधार आणि शुद्ध गंधार,
यांच्या मधली जागा मला सापडेना.
“तिथं घर नाय रं. जिना हाय.
जिन्यावर बस जरा. घाई कोनाला?”

मग करंगळी वाळली, काच सैल झाली.
वांद्र्याच्या हॉलमध्ये ऐन मधेच निसटली,
स्टेजवरून उतरून खुर्च्यांखाली गेली.
लोक मोबाइलचे दिवे लावून ओणवे झाले.
सर बसून होते, पायानं मोजत,
तीन, आणि एक रिकामा,
तीन, आणि एक रिकामा.
झोपलेल्या एका पोराच्या चपलेपाशी सापडली,
कड उडालेली.
त्यांनी ती खिशात टाकली
आणि उरलेलं उघड्या बोटांनी वाजवलं,
निम्म्याहून कमी सुरांत.
टाळ्या वाजवायच्या का, लोकांना कळेना.

आता मीटर आपला आकडा आपणच कळवतात,
मला कुणी कुणाच्या जिन्याखाली पाठवत नाही.
बुधवारी तरीही जातो.
सर पलंगावर, डोळे मिटून. मी वाजवतो.
काल माझा सूर चढला, केसभर.
ते काही बोलले नाहीत.
पांघरुणातून ती वाळकी करंगळी बाहेर आली
आणि तिनं खाली दाखवलं,
जिन्याकडे.